बॅकअप कशावर घ्यायचा? पेनड्राइव्ह, एसएसडी, हार्डडिस्क आणि सांगलीचं पाणी

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या, एक घरात किंवा दुकानात ठेवा, दुसरी पुराच्या पट्ट्याबाहेर कुणाकडं तरी ठेवा, आणि गेलं तर परत मिळणारच नाही असं जे थोडंसं असतंय ते क्लाउडवर पण टाका. पेनड्राइव्ह फक्त इकडून तिकडं न्यायला. एसएसडी रोजच्या कामाला, कपाटात ठेवायला नाही. डीव्हीडीचा विषय जवळजवळ संपलाय. झालं. ज्यांना 'का' विचारायची खोड आहे त्यांनी पुढं वाचा, जरा लांबलंय.

आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच म्हणतोय, "दादा, एक भरवशाचं काहीतरी सांगा की, एकदा टाकलं की परत बघायलाच नको." असं काही मिळत नाही राव, कितीही पैसे मोजा. हार्डडिस्क पडून मरते, एसएसडी नुसती पडून राहून मरते, डीव्हीडीला बुरशी येते, क्लाउडचा पासवर्ड आपणच विसरतो. प्रत्येकाचं मरण वेगळं, आणि तेच आपल्या कामाचं आहे, कारण दोन वस्तू अशा निवडायच्या की एकाच कारणानं दोन्ही एकदम जाणार नाहीत.

खरेदीला जायच्या आधी घरी बसून डेटा किती आहे ते मोजा. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघायचं, एवढंच. मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी 'दोन टीबीची डिस्क द्या' म्हणत येतो आणि त्याचा टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, सगळ्या वर्षांचा डेटा बघावा तर एका जुन्या पेनड्राइव्हवर सुद्धा मावेल एवढा. उलट लग्नाची शूटिंग करणारा फोटोग्राफर एका सीझनला टीबीच्या टीबी भरतो. या दोघांना एकच सल्ला देऊन चालत नाही. मोजून झालं की त्याचे दोन ढीग करा, एक परत मिळू शकणारा म्हणजे डाउनलोड केलेले पिक्चर, सॉफ्टवेअर, गाणी, आणि दुसरा परत न मिळणारा म्हणजे हिशोब, घराची कागदपत्रं, पोरांचे फोटो, आजीचा आवाज रेकॉर्ड केलेला असेल तर तो. दुसरा ढीग बहुतेक घरात वाटतो त्यापेक्षा लहान निघतो आणि पैसे त्याच्यावरच खर्च करायचे असतात. व्यापाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, जीएसटीच्या कायद्यात हिशोबाची वह्या-कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायची आहेत, म्हणजे सहा वर्षं. त्यामुळं 'मागच्या वर्षीचं आता कशाला' म्हणून उडवू नका.

डिस्कची साइज घेताना आजच्या डेटाच्या निदान दुप्पट घ्या. आणि १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, फसवणूक नाही ती.

आता खरी फसवणूक कुठं असते ते सांगतो, पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डात. ऑनलाइन '२ टीबी पेनड्राइव्ह' म्हणून जे चारपाचशे रुपयांत दिसतंय ना, ते खोटं आहे, डोळे झाकून सांगतो. आत चिप असते ८ किंवा १६ किंवा ३२ जीबीची आणि कंट्रोलरला, म्हणजे ती चालवणाऱ्या छोट्या चिपला, शिकवून ठेवलेलं असतंय की कॉम्प्युटरनं विचारलं तर २ टीबी सांग. तुम्ही फाइली टाकत जाता, विंडोज काही तक्रार करत नाही, कॉपी पूर्ण होते, नावं पण सगळी दिसतात, कारण नावांची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत लिहिलेली असते. फाइल उघडायला गेलं की मग कळतंय. बऱ्याच जणांना ते वर्षभरानं कळतं, कारण बॅकअप कोण उघडून बघतंय?

तपासायची पद्धत सोपी आहे. एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) नावाचं फुकटचं छोटं सॉफ्टवेअर आहे, जर्मनीतल्या एका कॉम्प्युटर मासिकाच्या माणसानं केलेलं, इन्स्टॉल पण करावं लागत नाही. उघडल्यावर भाषा इंग्लिश करायची नाहीतर जर्मनमध्ये दिसतंय सगळं. रिकामा पेनड्राइव्ह निवडायचा, राइट प्लस व्हेरिफाय दाबायचं. ते १-१ जीबीच्या फाइली लिहीत सगळी जागा भरतं आणि मग परत वाचून बघतं. माल खरा असेल तर शेवटी 'टेस्ट फिनिश्ड विदाउट एरर्स' येतं. खोटा असेल तर लाल पट्टीत किती जीबी ओके आणि किती जीबी 'डेटा लॉस्ट' ते सरळ लिहून देतं, तो स्क्रीनशॉट काढून रिटर्नला लावा. ६४ जीबीला साध्या पेनड्राइव्हवर दोन-तीन तास लागू शकतात, लागू द्या, लावून जेवायला जा. लिनक्सवाल्यांसाठी हेच काम एफथ्री (F3) करतं. पेनड्राइव्ह असो, मेमरी कार्ड असो, नवीन आणलं की आधी ही टेस्ट आणि मगच वापर, नावाजलेल्या कंपनीचं असलं तरी, कारण नकली माल नावाजलेल्या कंपनीच्याच पाकिटात येतो, बिननावाच्या कंपनीची नक्कल कोण करणार.

खरा पेनड्राइव्ह सुद्धा बॅकअपला नको असं मी म्हणतो. त्यात स्वस्तातली फ्लॅश चिप असते, बहुतेकांत आपली तब्येत सांगायची सोय नसते, म्हणजे काल चालला आणि आज लावला तर 'प्लीज इन्सर्ट डिस्क'. वर परत तो हरवतो, धुण्याला जातो, कुणीतरी 'जरा दे की, झेरॉक्सवाल्याकडं जाऊन येतो' म्हणून नेतं आणि येताना व्हायरस घेऊन येतं.

एसएसडीबद्दल मात्र लय गैरसमज आहे. लोकांना वाटतंय महाग आहे, फास्ट आहे, फिरणारा भाग नाही, म्हणजे जास्त टिकणार. लॅपटॉपमध्ये घालायला एक नंबर, जुन्या मशीनमध्ये जीव येतो, त्याबद्दल वाद नाही. पडली तरी हार्डडिस्कसारखं होत नाही. पण आतमध्ये डेटा असतो तो बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेल्या विजेच्या चार्जच्या रूपात, आणि डिस्क वीज न देता नुसती ठेवून दिली की तो चार्ज हळूहळू झिरपतो. जेडेक नावाची संस्था या धंद्याचे नियम ठरवते, त्यांच्या नियमात साध्या ग्राहकांच्या एसएसडीकडून अपेक्षा एवढीच आहे की लिहायची ठरवून दिलेली मर्यादा पूर्ण वापरून झाल्यावर, बंद अवस्थेत, ३० डिग्रीला, तिनं एक वर्ष डेटा धरावा. नवीकोरी एसएसडी यापेक्षा पुष्कळ जास्त धरते हे खरं, घाबरून जाऊ नका, पण ३० डिग्री म्हणजे काय ते सांगलीकरांना एप्रिल-मेमध्ये सांगायला नको, पत्र्याच्या खोलीतलं लोखंडी कपाट तर सोडूनच द्या. गरम जागेत हा काळ कमी होतो. त्यामुळं जुनी, वापरून दमलेली एसएसडी काढून 'बॅकअपला ठेवतो' असं कुणी म्हणालं की मी हात जोडतो. एसएसडीवर बॅकअप घ्यायचाच असेल तर नवीन घ्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी लावून थोडा वेळ चालू ठेवा.

अजून एक, एसएसडी गेली की बहुतेक वेळा सांगून जात नाही. आणि डिलीट केलेलं परत काढायची शक्यता फार कमी, कारण ट्रिम नावाची सोय रिकामी जागा मागच्या मागं साफ करून टाकते. हार्डडिस्कवर चुकून डिलीट झालेलं निघू शकतं, तिथं नशीब आजमावता येतं.

म्हणजे फिरून फिरून हार्डडिस्कवरच आलो. जुनी टेक्नॉलॉजी आहे, हळू आहे, नाजूक आहे, पण कपाटात ठेवायला परवडते आणि मरायच्या आधी बऱ्याचदा कुरकुरते. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या हजारो हार्डडिस्कांचे आकडे जाहीर करतेय, त्यात साधारण शंभरातल्या एक-दोन दरसाल मरतात असं दिसतं. आता त्या डिस्क एसीत, रॅकला स्क्रूनं आवळून बसवलेल्या असतात आणि आपली ॲक्टिव्हाच्या डिकीत मिरजेपर्यंतचे खड्डे खात जाते, हा फरक धरून चाला.

कंपनी कुठली? जगात हार्डडिस्क बनवणारे आता तीनच उरलेत, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाकी नावाच्या डब्यात आत यांचीच डिस्क असते. 'कुठली सगळ्यात चांगली' यावर लोक तासनतास भांडतात, तिघांचेही चांगले मॉडेल आहेत आणि तिघांचेही रद्दी निघालेत. मी सांगतो एक या कंपनीची घ्या, एक त्या. एकाच दुकानातून एकाच दिवशी एकाच लॉटच्या दोन डिस्क घेतल्या तर त्यातला दोष पण सारखाच असू शकतो आणि दोघी पाठोपाठ जाऊ शकतात.

घेताना छोटी अडीच इंची घ्यायची की मोठी साडेतीन इंची? छोटी यूएसबीच्या वायरवरच चालते, खिशात मावते, घरच्या माणसाला ती बरी. मोठीला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, पण जास्त जागेला तीच परवडते, आणि फोटोग्राफर लोकांनी तीच घ्यावी. अडीच इंचीत एक गोम आहे, काही तयार एक्स्टर्नल डिस्कमध्ये यूएसबीचं पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं. पोर्ट हलायला लागलं, जे वायर ओढून ओढून होतंच, की आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावता येत नाही, कारण तिला साटाचं, म्हणजे कॉम्प्युटरला आतून जोडायचं, तोंडच नसतं. म्हणून जरा हाताशी वेळ असेल तर साधी इंटर्नल साटा डिस्क आणि वेगळं केसिंग, म्हणजे ती बसवायचा यूएसबीचा डबा, घ्या. केसिंग बिघडलं तर दुसरं किरकोळ पैशात मिळतं आणि डेटा जागच्या जागी.

सीएमआर आणि एसएमआर हे शब्द कधी कानावर पडले असतील तर थोडक्यात, एसएमआरमध्ये ट्रॅक एकावर एक थोडे चढवून लिहिलेले असतात, कौलांसारखे, त्यामुळं जागा जास्त बसते पण मधलं काही बदलायचं म्हटलं की शेजारचं पण परत लिहावं लागतं, म्हणून मोठी कॉपी टाकली की सुरुवातीला सुसाट आणि मग बैलगाडी. नुसता बॅकअप टाकून ठेवायला एसएमआर चालते, फक्त वेळ धरा. नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा) किंवा रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवायची पद्धत) घालणार असाल तर मात्र सीएमआरच बघून घ्या, मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघता येतं.

डिस्क आणली की लगेच डेटा टाकू नका. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर टाकून बघा, हे पण फुकट आहे. वर 'गुड' निळ्यात लिहिलेलं येईल, तेवढ्यावर खूश होऊ नका. पहिलं बघायचं 'पॉवर ऑन अवर्स'. नवीन डिस्कला तिथं शून्य किंवा दोन-चार तास असले पाहिजेत. तिथं हजारात आकडा असेल तर ती कुठंतरी चालून आलेली आहे, पॅकिंग कितीही चकचकीत असू दे, परत करा. आणि आता तेवढ्यावर पण भागत नाही, २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत प्रकरण बाहेर आलं की डेटा सेंटरमध्ये वापरलेल्या डिस्कांचे हे तास पुसून नवीन म्हणून विकल्या गेल्या. म्हणून बिल घ्यायचं, सिरीयल नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून तारीख जुळते का बघायचं. वॉरंटीबद्दल एक स्पष्ट करतो, वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा नाही.

त्याच यादीत खाली तीन ओळी शोधा: ०५ म्हणजे रीअलोकेटेड सेक्टर्स, सी५ म्हणजे करंट पेंडिंग आणि सी६ म्हणजे अनकरेक्टेबल. तिघांच्या समोर शेवटच्या रॉ व्हॅल्यूच्या रकान्यात शून्य पाहिजे. हा आकडा मुळात हेक्समध्ये, म्हणजे अंक आणि ए ते एफ अक्षरं मिसळून, दिसतो, शून्य असेल तर सगळी शून्यंच दिसतील, नसेल तर मेनूतून रॉ व्हॅल्यू '१० (डेसिमल)' म्हणजे आपल्या नेहमीच्या आकड्यांत करून वाचा. ०५ मध्ये थोडा आकडा येऊन वर्षानुवर्षं तिथंच थांबलेल्या डिस्क मी चालताना बघितल्यात, पण महिन्या-महिन्याला वाढायला लागला की ती डिस्क गेलीच समजा. सी५ वाढला म्हणजे काही जागा वाचता येईनात, तिला लगेच रिकामी करायच्या मागं लागा. सी७, म्हणजे वायरीतून येता-जाता होणाऱ्या चुका, वाढत असेल तर डिस्कपेक्षा आधी वायर बदलून बघा, बऱ्याचदा तीच भानगड असते. काही केसिंगमधून ही माहिती येतच नाही, असं केसिंग मी तरी घेत नाही.

आणि टिक... टिक... टिक असा एका तालात आवाज यायला लागला तर लगेच बंद करा. परत परत लावून बघू नका. 'चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची सोय) मारून बघतो' हा तर सगळ्यात वाईट विचार, मरायला टेकलेल्या डिस्कला अजून पळवायचं. आवाज नसेल आणि नुसती हळू झाली असेल तर जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते आधी बाहेर काढा, बाकी नंतर.

डीव्हीडीचं पटकन उरकतो. घरी राइट केलेल्या डीव्हीडीत डेटा एका रंगाच्या थरात असतो आणि उजेड, उष्णता, दमटपणानं तो थर बिघडतो. साताऱ्याच्या वरच्या अंगाला, पाचगणी-महाबळेश्वरकडं पावसाळ्यात चपलेला बुरशी येते तर डीव्हीडीची काय कथा. ४.७ जीबीत आता मावतंय काय, आणि नवीन लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. एम-डिस्क म्हणून एक जास्त टिकणारा प्रकार आहे, पण सोनीनं सुद्धा फेब्रुवारी २०२५ मध्ये राइट करता येणाऱ्या ब्लू-रे बनवणं बंद केलं, म्हणजे वारं कुणीकडं वाहतंय ते कळतं. तुमच्याकडं लग्नाच्या, बारशाच्या जुन्या सीडी असतील तर याच उन्हाळ्यात हार्डडिस्कवर उतरवून घ्या. टेप म्हणजे एलटीओ ही बँका आणि मोठ्या कंपन्यांची वस्तू, टेप स्वस्त पण ती वाचायचं मशीन लाखांच्या घरात जातं, आपला विषय नाही.

क्लाउड. गूगलचे फुकटचे १५ जीबी असतात आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं मिळून. १ जून २०२१ पासून फोटो त्याच हिशोबात मोजले जातात, बऱ्याच जणांना अजून वाटतंय फोटो फुकट आहेत. दोन वर्षं अकाउंट उघडलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, हे वडिलांच्या नावानं काढून ठेवलेल्या अकाउंटांना लागू पडतं बघा. क्लाउडचा मोठा फायदा असा की तो सांगलीत नाही. तोटा असा की बहुतेक ठिकाणी ते सिंक असतं, म्हणजे इकडं तुम्ही फाइल उडवली की तिकडची पण उडते, ट्रॅशमध्ये काही दिवस असते तेवढीच मुदत. म्हणून क्लाउड जोडीला ठेवायचा, त्याच्या एकट्याच्या जिवावर राहायचं नाही. आणि ज्या मोबाइल नंबरवर ओटीपी येतो तो नंबर चालू ठेवा, एवढ्या एका कारणानं डेटा असून नसल्यासारखा झालेली माणसं आहेत.

'आमच्याकडं रेड आहे, दोन डिस्कवर एकदम लिहिलं जातं' असं कुपवाड एमआयडीसीतले लोक अभिमानानं सांगतात. चांगलं आहे, एक डिस्क मेली तर काम थांबत नाही. पण चुकून डिलीट केलं तर दोन्हीकडून एकदम डिलीट होतं, आणि दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच टेबलाखाली. तो बॅकअप नव्हे.

आता पाण्याचं. इथं जरा थांबतो, कारण बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या सल्ल्यात हे नसतं.

२००५ चा पूर ज्यांनी बघितला होता त्यांनी २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच खुणेच्या हिशोबानं सामान वर ठेवलं. म्हणजे मागच्या वेळी पाणी इथपर्यंत आलं होतं ना, मग त्याच्या वर एक फळी. आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, शामरावनगर, जिथं सीपीयू टेबलावर चढवून लोक निवांत होते तिथं टेबलच पाण्याखाली गेलं. २०२१ च्या जुलैमध्ये परत तेच. पाणी ओसरल्यावर दुकानातून जे सीपीयू आले त्यांच्या आत बोटभर गाळ बसलेला होता, पंख्याच्या पात्यांवर सुद्धा, आणि बॅकअपची डिस्क कुठं होती विचारलं तर उत्तर एकच: "त्याच ड्रॉवरमध्ये."

म्हणून दुसरी डिस्क गावाबाहेर. पुराच्या पट्ट्याबाहेर म्हणजे खरंच बाहेर, पलीकडच्या गल्लीत नाही. तासगाव, विटा, कवठेमहांकाळ, जत, जिथं तुमचं कुणी पाव्हणं असेल तिथं. जतला पाणी नाही, पाणी नाही असं आयुष्यभर ऐकत आलो, डिस्क ठेवायला त्याच्यासारखी जागा नाही. दर महिन्याला नेणं जमत नसेल तर सणावाराला जाताना न्या, जुनी घेऊन या, नवी ठेवून या. घरात मात्र सांगून ठेवा की हे काय आहे, नाहीतर मेव्हण्याचं पोरगं त्यात गेम टाकून मोकळं होतं. पासवर्ड लावा म्हणजे ती पण चिंता नको.

आणि घरातली डिस्क? कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की आपण सगळे आयर्विनची पातळी बघायला लागतो, ४० ला इशारा आणि ४५ ला धोका. त्याची वाट बघत बसू नका. पाणी वाढतंय असं दिसलं की डिस्क सगळ्यात आधी बॅगेत, कपड्यांच्या आधी. तिला कायमची झिप लॉकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी टाकून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची सवय लावा, दमट हवेपासून पण वाचते.

तरी भिजलीच तर काय? हे नीट वाचा. साध्या हार्डडिस्कला हवा आत-बाहेर व्हायला बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत जातं. म्हणजे वरून पुसून, उन्हात ठेवून, हेअर ड्रायर मारून, तांदळात पुरून ती बरी होत नाही. उलट पुराचं पाणी वाळलं की त्यातली माती आतल्या फिरत्या प्लेटवर चिकटून बसते आणि चालू केल्याबरोबर डेटा वाचणारं हेड त्यावर घासतं, मग जे निघालं असतं ते पण गेलं. चालू करू नका. वाळवू पण नका. ओली असेल तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडं पाठवा. खर्च बराच येतो आणि खात्री कुणी देत नाही, त्यामुळं आधी ठरवा तो डेटा तेवढ्या किमतीचा आहे का. भिजलेल्या पेनड्राइव्ह आणि एसएसडीची गोष्ट वेगळी, त्यांना वीज न देता स्वच्छ करून पूर्ण वाळवून घेतलं तर वाचायची शक्यता बरी असते.

गंमत बघा, पुराचा आणि हार्डडिस्कचा संबंध आपल्यापुरताच नाही. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, तिथं हार्डडिस्कचे कारखाने होते, ते पाण्यात गेले आणि जगभर डिस्कचे भाव चढले. इथं कृष्णेला थेंब जास्त नसताना सांगलीत डिस्क महाग झाली होती.

बरं, डिस्क आल्या, जागा ठरल्या, आता कॉपी. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरनं लोकांच्या तोंडात बसवलेला नियम आहे ३-२-१, म्हणजे डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. कॉम्प्युटरमधली ओरिजिनल धरून तीन, त्यामुळं वाटतं तेवढं अवघड नाही. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. फक्त विंडोज असेल तर एनटीएफएसच, लाइट गेली तर ती जास्त सावरून घेते. आणि लाइट जाणारच आहे, म्हणून डेस्कटॉपवर बॅकअप चालू असताना यूपीएस पाहिजेच, काढताना पण 'इजेक्ट' करूनच काढा.

हातानं कॉपी-पेस्ट करणाऱ्यांचा बॅकअप दिवाळीपर्यंत टिकतो, मग कंटाळा. फ्रीफाइलसिंक नावाचं आपोआप कॉपी करणारं सॉफ्टवेअर टाका. त्यात 'मिरर' आणि 'अपडेट' असे प्रकार येतात. मिररमध्ये इकडून उडालेली फाइल तिकडूनही उडते, त्यामुळं सुरुवातीला अपडेट वापरा किंवा मिरर लावून व्हर्जनिंग चालू करा म्हणजे जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जाते. टॅलीवाल्यांनी टॅली बंद करूनच कॉपी घ्यायची आणि फोल्डरला तारीख द्यायची. 'टॅली न्यू', 'टॅली न्यू २', 'टॅली फायनल', 'टॅली फायनल लेटेस्ट' असली नावं बघितली की सीए लोकांचा बीपी वाढतो.

कॉपी झाली की डिस्क काढायची. लावून ठेवायची नाही. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, आला तर तो कॉम्प्युटरला जे जे जोडलेलं दिसेल ते सगळं लॉक करतो, बॅकअपची डिस्क पण. काढून ठेवलेल्या डिस्कला तो हात लावू शकत नाही.

महिन्यातून एकदा बॅकअपमधल्या पाच-सहा फाइली कुठल्याही उघडा, जमलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर. एक जुना फोटो, एक व्हिडिओ शेवटापर्यंत ओढून, एक एक्सेल, आणि टॅलीचा डेटा एकदा खरोखर रिस्टोअर करून. फोल्डर दिसतंय म्हणजे फाइल चांगली आहे असं नसतं. त्याच वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून ते तीन आकडे बघा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करायला.

नवीन विंडोज लॅपटॉप असेल तर अजून एक तपासा. बऱ्याच नव्या मशीनमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते, सांगत पण नाही. उद्या मदरबोर्ड गेला आणि डिस्क काढून दुसरीकडं लावली की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, पण ते अकाउंट कुणी काढलं, पासवर्ड काय, हे दुकानात विचारलं की लोक एकमेकांकडं बघतात. आजच शोधा, कागदावर लिहा, कागद घराच्या कागदपत्रांत ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.

चार-पाच वर्षं झाली की डिस्क चांगली चालत असली तरी तिला बॅकअपच्या कामातून काढा, नवी आणा, जुनीला पिक्चर-गाण्यांना लावा. आणि शेवटी ती भंगारात द्यायच्या आधी पुसा. क्विक फॉरमॅटनं काही पुसलं जात नाही, क्विकची टिक काढून पूर्ण फॉरमॅट करा, मोठ्या डिस्कला बरेच तास लागतात. बंद पडलेली असेल तर उघडून प्लेटवर हातोडा घाला, अडीच इंचीतल्या प्लेटा बऱ्याचदा काचेच्या असतात तेव्हा डोळे सांभाळून. एसएसडीला कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं सिक्युअर इरेज वापरा.